घाटावरचा, घाटाखालचा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाचं नाव-गाव विचारून झालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे घाटावरचे की घाटाखालचे?" जिल्ह्याचे तालुके तेरा, पण पक्ष दोनच. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे घाटाखाली. राहता राहिला मोताळा, त्याचा निकाल मोताळ्याच्याच माणसांनी लावावा, मी त्यात पडत नाही. घाटावरच्याला खालचं ऊन सोसत नाही आणि घाटाखालच्याला वरची बोली. सोयरीक जमवताना आधी घाट निघतो, मग मुलगा निघतो.

जगातला सगळ्यांत निरुपयोगी वाद हाच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती २०२३ च्या उन्हाळ्यात खोटी ठरली. त्या उन्हाळ्यात माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पिऊन, याहून निरुपयोगी वाद पाच आठवडे चालला. त्याचं नाव: इंटेल की एएमडी?

ज्यांना या शब्दांचा अर्थ माहीत नाही त्या भाग्यवान वाचकांसाठी सांगतो. संगणकाच्या डब्यात मारी बिस्किटापेक्षाही लहान एक चकती असते. तिला प्रोसेसर म्हणतात. सगळी बेरीज-वजाबाकी हीच करते, म्हणून तिला संगणकाचा मेंदू म्हणायची पद्धत आहे. दुकानात बसून जोडून घ्यायच्या संगणकासाठी असे मेंदू मुख्यतः दोन घरी तयार होतात, आणि या दोन घरांपैकी एकाचं कुंकू लावल्याशिवाय संगणक घेताच येत नाही, असा तरुण पिढीचा समज आहे. हा लेख त्या समजाविरुद्ध आहे. ज्यांना राग यायचा त्यांनी आताच येऊ द्यावा. पुढे वेळ मिळणार नाही.

झालं असं. मी गणिताचा निवृत्त मास्तर. त्या एप्रिलमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. कॉलेजच्या रस्त्यावर तिने एक गाळा भाड्याने घेतला होता. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, मराठी टायपिंग, लग्नपत्रिका असा बेत. बचत गटातून पन्नास हजारांचं कर्ज उचललेलं. दहा हजार प्रिंटरला बाजूला ठेवलेले, चाळीस हजार संगणकाला.

"सर, जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी सुरू होते. त्याच्या आधी दुकान लागलं पाहिजे. कोणता कॉम्प्युटर घेऊ?"

शहाण्या माणसाने म्हटलं असतं, "बाई, मला त्यातलं कळत नाही." पण मास्तर निवृत्त झाला तरी उत्तर न येण्याची लाज निवृत्त होत नाही. मी म्हणालो, "बघतो." आणि बघण्यासाठी दोन तज्ज्ञांना बोलावलं. एक भाचा, मूळ चिखलीचा, पुण्याला नोकरीला. दुसरे जावई, खामगावचे, एका जिनिंगमध्ये हिशेब बघतात. म्हणजे एक घाटावरचा, एक घाटाखालचा. पुढचं भविष्य इथेच लिहिलेलं होतं, मला वाचता आलं नाही इतकंच.

"मामा, डोळे मिटून रायझन घ्या," भाचा म्हणाला. रायझन हे एएमडीच्या मेंदूचं नाव.

"मामाजी, डोये उघडे ठेवा आन् इंटेल घ्या," जावई म्हणाले. "फॉर्मच भरायचे हाय ना? आय-थ्री बारा हजार शंभर घ्या, चार कोर हायत, लय झालं."

वाचकहो, हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पाच आठवड्यांत बोललं गेलेलं शहाणपणाचं वाक्य तेवढं एकच, आणि ते पहिल्या दहा मिनिटांत बोलून झालं. कोर म्हणजे मेंदूतले काम करणारे गडी समजा. चार गडी फॉर्म भरायला खरोखरच खूप झाले. पण भाच्याच्या पक्षाकडे त्या पायरीवर दुकानात दाखवायला तोडीचा माल नव्हता. मग त्याने तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात. पायरीच बदलली.

"थोडेच पैसे टाकले तर रायझन फाइव्ह ५६००जी येतो. सहा कोर!"

जावयांचा चेहरा खामगावच्या मार्केट यार्डात आपल्या कापसाला कमी भाव लागल्यासारखा झाला. "सहाच पायजेत ना? मंग आमचा आय-फाइव्ह १२४०० घ्या. सहा कोर."

"मग अजून थोडे टाकून ५७००जी. आठ!"

"१२६००के! दहा! सहा मोठे बैल आन् चार गोऱ्हे!"

हे मात्र जावयांचं बरोबर होतं. त्या मेंदूत खरंच सहा मोठे आणि चार लहान कोर आहेत. फक्त त्याच्या खोक्यात पंखा येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. बैल दहा, पण पाणी पाजायची बादली आपली. अशा तऱ्हेने फॉर्म भरण्याच्या कामाचा लिलाव तासाभरात चारवरून दहावर गेला. ज्या बाईच्या कर्जावर हा लिलाव चालला होता, ती समोर बसून कप विसळू का, असं आमच्या हिला विचारत होती.

मी वही काढली. म्हटलं, भावना बाजूला ठेवून दोघांची पत्रिका मांडू. मधली पायरी धरली, १२४०० आणि ५६००जी. दोघांचे कोर सहा. दोघांचे धागे, म्हणजे एका वेळी हातात धरता येणारी कामं, बारा. दोघांचा जास्तीत जास्त वेग ४.४ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. विजेची भूक दोघांचीही कागदावर ६५ वॉट; इंटेलचा अंगात आलं की काही वेळ ११७ पर्यंत जातो. इंटेलचा एकेक गडी थोडा चपळ, आणि त्याला नव्या डीडीआर-५ जातीची स्मृती चालते. एएमडीच्या पोटातली चित्रं काढायची यंत्रणा इंटेलपेक्षा बरीच दांडगी, त्यामुळे वेगळं कार्ड न घेता पोराला जरा बरे खेळ खेळता येतात. छत्तीसपैकी तीस गुण दोघांचे. आमच्या वेळी याहून कमी गुणांवर लग्नं झाली आणि ती अजून टिकून आहेत.

या पत्रिकेत एक मंगळ मात्र आहे, तो सांगितला पाहिजे. १२४०० च्या शेपटीला ‘एफ’ अक्षर लागलं की तो स्वस्त मिळतो. का? तर त्याची चित्रं काढायची यंत्रणा बंद केलेली असते. वेगळं कार्ड नसेल तर पडद्यावर काळोख. आणि एएमडीच्या ५६००जी मधलं ‘जी’ काढलं की त्याचीही ती यंत्रणा गेलेली असते. एका घरी अक्षर लावलं की डोळे जातात, दुसऱ्या घरी अक्षर काढलं की डोळे जातात. आता इतकं महत्त्वाचं अक्षर खोक्यावर ढळढळीत लिहायला नको का? पण दोन्ही घरांचा कल असा, की ज्याला कळतं त्याला कळतं. हे गणित आमच्या चर्चेत सापडायला तीन आठवडे लागले, आणि तेही भाचा ‘एफ’ घ्या म्हणाला आणि जावयांना त्याची खोड सापडली म्हणून. भांडणाचा आम्हाला झालेला फायदा तो एवढाच.

मग पुरावे सुरू झाले. याला बेंचमार्क म्हणतात. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, ती बऱ्याच वाचकांना ऐकून माहीत असेल. शेतात घट आखून अठरा धान्यं मांडतात, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, वडा. रात्रभर तिथे कोणी जात नाही. पहाटे कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ विरघळलं हे पाहून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. ज्याची त्याची श्रद्धा. पण मला एक आवडतं. भेंडवळला सगळा जिल्हा आपल्या शेताचा प्रश्न घेऊन जातो. कापूस घालू का सोयाबीन घालू? बेंचमार्कवाले दुसऱ्याच शेताचा प्रश्न विचारून येतात.

कारण ही परीक्षा अशी घेतात. दोन्ही मेंदूंना एक अवघड चित्र रंगवायला देतात आणि किती वेळ लागला ते मोजतात. किंवा त्यांना बाजारातलं सगळ्यांत महागडं चित्रांचं कार्ड जोडतात, मेंदूच्या कितीतरी पट किमतीचं, आणि खेळात सेकंदाला किती चित्रं पडतात ते मोजतात. परीक्षा खोटी नाही, अगदी प्रामाणिक आहे. मेंदूमेंदूतला फरक उठून दिसावा म्हणून बाकीच्या सगळ्या अडचणी मुद्दाम दूर करतात. पण आमच्या गाळ्यात त्याच अडचणी राहत होत्या! तिथे ना महाग कार्ड, ना चित्र रंगवायचं काम. दोनशे मीटर धावणाऱ्या दोन पोरांत अर्ध्या सेकंदाचा फरक आहे हे मैदानावर खरं. पण त्या दोघांना रेशनच्या रांगेत उभं केलं तर साखर दोघांनाही एकाच वेळी मिळते.

यातूनच ‘व्हॅल्यू फॉर मनी’ नावाचा अपूर्णांक निघतो. वर वेग, खाली रुपये. भाच्याने तो सहा दशांश स्थळांपर्यंत काढून आणला. मी आयुष्यभर अपूर्णांक शिकवले, तेव्हा अधिकाराने सांगतो: अंशाच्या जागी चुकीचा आकडा ठेवला, तर छेद कितीही बरोबर असून उत्तर चुकतं. वर मेंदूची ताकद लिहायची नसते. त्या ताकदीपैकी आपल्या कामाला किती लागणार, ते लिहायचं असतं. दोन एकराच्या धन्याने पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला तर एका अश्वामागे तो स्वस्तच पडतो. त्या धन्याचं घर मात्र महागात पडतं.

आता या पक्षनिष्ठेविषयी बोलतो, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. ही दोन घरं म्हणजे कोणी देव-दानव नव्हेत. ही भावकी आहे. अमेरिकेत फेअरचाइल्ड नावाच्या कंपनीच्या एकाच वाड्यातून नॉइस आणि मूर हे दोघे १९६८ साली बाहेर पडले आणि त्यांनी इंटेल काढली. त्याच वाड्यातून जेरी सँडर्स आणि मंडळी १९६९ साली बाहेर पडली आणि त्यांनी एएमडी काढली. १९८२ च्या करारानंतर तर एएमडी इंटेलच्याच आराखड्यांवरून इंटेलचेच मेंदू तयार करत होती. पुढे कोर्टकज्जे झाले, वाटण्या झाल्या. बांधावरून भांडणारी दोन घरं आणि काय वेगळं करतात?

आणि ज्या पेंटियमच्या नावाने आमचे जावई अजून कानाच्या पाळीला हात लावतात, त्या पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम हे १९५० साली आपल्या पुण्यात जन्मलेले. १९९३ साली पेंटियम बाजारात आला. १९९५ मध्ये धाम इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. १९९६ मध्ये ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि १९९७ मध्ये तिथून के-६ हा पेंटियमशी टक्कर देणारा मेंदू निघाला. म्हणजे दोन्ही घरच्या चुलीवर हात शेकलेला माणूस एकच, आणि तो आपल्याकडचा. त्या गृहस्थांनी घर बदलताना अंगावर भस्म लावून घेतलं नाही. आमचा भाचा मात्र इंटेलचं चिकटपत्र लावलेला टी-शर्ट फुकट मिळाला तरी घालत नाही.

ही निष्ठा नुसती हास्यास्पद असती तर मी लेख लिहिला नसता. ती आपल्या खिशाला वाईट आहे. २००७ पासून २०१७ पर्यंत सामान्य गिऱ्हाइकाच्या पायरीवर इंटेलचे मेंदू चार कोरांच्या पुढे गेले नाहीत. दहा वर्षं! कारण त्यातली बरीच वर्षं एएमडी आजारी पडलेली होती. मार्च २०१७ मध्ये रायझन आला, आठ कोर घेऊन. आणि काय चमत्कार, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलला सहा कोर सुचले, पुढच्या वर्षी आठही सुचले. तेव्हा भाच्याचा पक्ष म्हणाला, बघा, आमचे संत आले. मग नोव्हेंबर २०२० मध्ये संतांचा ५००० मालिकेचा मेंदू पुढे निघून गेला, आणि संतांनी आधीच्या पिढीपेक्षा पन्नास डॉलरने भाव चढवला. २०२२ च्या जानेवारीत इंटेलने १२४०० हा १९२ डॉलरला मांडला, तसा एप्रिलमध्ये संतांनीही १९९ डॉलरचा ५६०० काढला. घरोघरी मातीच्याच चुली. ज्याला शेजारी नसतो तो भाव चढवतो. तेव्हा या दोघांतला एक हरावा म्हणून जो नवस बोलतो, तो स्वतःच्याच संसारावर दगड ठेवतो. ही भांडणं अशीच चालू राहोत. आपण त्यात पडू नये आणि कोणाला सोडवायलाही जाऊ नये.

असो. पाच आठवड्यांनी दोघांचं एकमत झालं. कशावर झालं ते मी सांगणार नाही. सांगितलं, तर अर्धे वाचक ‘म्हणजे मास्तर त्या पक्षाचे’ म्हणून पुढचं वाचायचे नाहीत, आणि उरलेले अर्धे माझ्या घरी पेढे घेऊन येतील. एवढंच सांगतो, की पहिल्या दिवशीचे चार कोर राहिले बाजूला. त्या दिवसाच्या भावाने ती चकती आणि ती बसवायचं बोर्ड यांत चाळिसांपैकी पंचवीस हजार गेले. मॉनिटर, डबा, की-बोर्ड आणि आठ जीबीची एकच रॅम यांत साडेबारा. उरले अडीच. यूपीएस तीन हजारांना होता. पाचशे कमी पडले.

"यूपीएस पुढच्या महिन्यात घेऊ," भाचा म्हणाला.

"आन् एसएसडी बी मंगच घेऊ," जावई म्हणाले. पाच आठवड्यांत दोघांचं मनापासून जुळलेलं हे पहिलंच मत. तोवर भाच्याची जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क लावायचं ठरलं.

दुकान लागलं तेव्हा जून निम्मा सरला होता. पहिली गर्दी पलीकडच्या गल्लीतला जुना संगणक घेऊन गेला. त्याच्यात कोणता मेंदू आहे हे त्याच्या मालकालाही माहीत नव्हतं.

आठवड्याने मी गेलो. "कसा चालतो?"

"चालतो छान सर," ती म्हणाली. माझ्यापुढे वाईट बोलायची तिला सवय नाही. दहावीत पस्तीस गुण मिळाले तेव्हाही ती पेढे घेऊन आली होती. "फक्त सकाळी चालू करून ठेवते आणि मग झाडून घेते. झाडून होईपर्यंत चालू होतो."

मी घड्याळ लावलं. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत तीन मिनिटं चाळीस सेकंद. मग तिच्याच मुलाने मला एक खिडकी उघडून दाखवली. तीत डब्यातला कोण किती काम करतो आहे हे टक्क्यांत दिसतं. मेंदू: चार टक्के. डिस्क: शंभर टक्के. मी अर्धा तास तिथे बसलो. फॉर्म उघडला, सहा टक्के. फोटो लहान केला, अकरा टक्के. छापायला दिला, पाच टक्के. वाडा दहा खणांचा आणि कुटुंब राहतं दारातल्या पायरीवर!

गणित सोपं आहे. ती तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. हवी ती माहिती डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद. डोकं योग्य जागी सरकवायचा वेळ वेगळाच. आणि सेकंदाला ४४० कोटी ठोके देणारा मेंदू त्या चार मिलिसेकंदांत किती ठोके हात बांधून बसतो? एक कोटी शहात्तर लाख. एका अर्ध्या फेऱ्यामागे! ज्या शंभर-दोनशे ठोक्यांसाठी माझ्या ओसरीवर पाच आठवडे महाभारत झालं, ते ठोके इथे कोटींनी नाल्यात जात होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्यानंतर चार दिवसांनी दुपारी पाऊस आला. आमच्याकडे पहिला पाऊस नुसता येत नाही, वाऱ्याचा हात धरून येतो. वीज गेली, आली, पुन्हा गेली. एका क्लासवाल्यांच्या प्रश्नसंचाची साठ पानं टाइप होत आली होती. वीज आली तेव्हा संगणक चालू झाला नाही. जुन्या डिस्कने मान टाकली होती. साठ पानं गेली, घेतलेली आगाऊ रक्कम परत करावी लागली, आणि त्या महिन्याचा बचत गटाचा हप्ता तिने कुठून भरला ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. "तुमची काय चूक सर," एवढंच म्हणाली.

पस्तीस गुणांच्या त्या मुलीने मला त्या दिवशी नापास केलं. पाचशे रुपये कमी पडले म्हणून यूपीएस राहिला, आणि ते पाचशे कमी का पडले? दोन शहाण्यांना एकमेकांपुढे हार खायची नव्हती म्हणून, आणि तिसऱ्याला ‘मला कळत नाही’ म्हणायची लाज वाटली म्हणून. तोच पहिल्या दिवशीचा चार कोरांचा मेंदू घेतला असता, तर आठ-साडेआठ हजार वाचले असते. त्यात यूपीएस आला असता, एसएसडी आली असती, रॅमची जोडी झाली असती, आणि वर गाळ्याला पाटी लागली असती.

मी पेन्शनमधून प्रायश्चित्त घेतलं. यूपीएस, एसएसडी, आणखी एक आठ जीबीची रॅम. संगणक पंचवीस सेकंदांत कामाला लागला. मेंदू तोच. बाईला वाटलं सरांनी मेंदू बदलला. एका अर्थी बदललाच होता, पण तो डब्यातला नव्हे.

यावर भाच्याचे दोन आक्षेप आहेत. ते टाळले तर मी मास्तर कसला?

पहिला: "मामा, पुढचा विचार नको का? पाच वर्षं टिकलं पाहिजे." म्हणजे वाढत्या अंगाचं शिवायचं. मी लहानपणी वाढत्या अंगाची चड्डी पाच वर्षं दोरीने बांधून फिरलो. अंग वाढेपर्यंत चड्डी विरली. शिवाय भाच्याच्याच पक्षाने २०१७ मध्ये रायझन ज्या बैठकीवर आणला, त्या एएम-४ वर, २०२१ चा ५६००जी सुद्धा बसतो; पुष्कळ जुन्या बोर्डांना नुसतं आतलं सॉफ्टवेअर नवं केलं की झालं. जावयांच्या पक्षाच्या त्या बैठकीवरही बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या बसल्या. तेव्हा आज लहान घ्यावा, काम वाढलं की पुढचा स्वस्त झालेला बसवावा.

दुसरा: "काहींना खरंच लागतो." लागतो, शंभर वेळा लागतो. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्याला लागतो. त्याच्या मेंदूला वीस मिनिटं कमी लागली तर त्या दिवशी दुसऱ्या लग्नाची फीत निघते. त्याने बेंचमार्क वाचावेत, पाठ करावेत. त्याचं काम त्या परीक्षेत खरोखरच विचारलेलं आहे. माझा वाद त्याच्याशी नाही. ज्याचा मेंदू सहा टक्क्यांवर झोपलेला आहे आणि तरी जो शेजाऱ्याचा आठ कोरांचा म्हणून तळमळतो, त्याच्याशी आहे. आणि असे आपण मध्यमवर्गीय शेकड्याने आहोत. मिक्सरचे वॉट, गाडीचं मायलेज, फोनचे मेगापिक्सेल. घ्यायचं काय ते ठरवायच्या आधी आपण कोणाला हरवायचं ते ठरवतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. दुकानात शिरताना ‘दोघांत चांगला कोणता?’ हे विचारू नका. कागदावर आपलं काम लिहा. मग एसएसडी लिहा, पुरेशी रॅम लिहा, यूपीएस लिहा. त्यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्या पैशांत त्या दिवशी ज्याचा भाव बरा असेल, आणि ज्याला डोळे असतील, तो मेंदू घ्या. घरी आल्यावर दुसऱ्याचा भाव बघू नका.

हे सगळं मी दोघांनाही ऐकवलं आहे. परवा दिवाळीला दोघं पुन्हा ओसरीवर होते. आता नावं बदलली आहेत. इंटेलने जुनं ‘आय’ टाकून ‘अल्ट्रा’ घेतलं, एएमडीची बैठक एएम-५ झाली. जावयांनी शेगावहून आणलेली कचोरी मध्ये ठेवली होती, आणि ती निवेपर्यंत कोर चोविसावर गेले होते. मी उठून चपला घातल्या आणि कॉलेजच्या रस्त्याला लागलो.

गाळ्यात गर्दी होती. कर्ज फिटलं आहे. संगणक कोपऱ्यात तोच. त्याच्या डब्यावर कंपनीचं एक चकचकीत चिकटपत्र असायचं, ते दिसेना. बघितलं, तर त्याच्यावर बरोबर मापाचा कागद चिकटवलेला होता, बाईच्या स्वतःच्या टायपिंगमधला:

‘झेरॉक्स २ रुपये. फॉर्मचे पैसे आधी.’